डेमोच्या स्टिअरिंगवर

जालना रोडवरच्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी साडेतीन वर्षं नोकरी केली. आधी फ्रीज, मग टीव्ही आणि शेवटच्या वर्षी गेमचा काउंटर. काउंटर म्हणजे भिंतीवर एक मोठा टीव्ही, त्याच्याखाली काचेच्या पेटीत कुलूपबंद केलेलं मशीन, तारेनं बांधलेले दोन रिमोट आणि समोर एका खुर्चीला जोडलेलं स्टिअरिंग. खुर्चीच्या पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटरही होते. गिऱ्हाइकानं दहा मिनिटं खेळावं, त्याला मोह पडावा आणि त्यानं मशीनचा खोका घेऊन जावं, अशी कंपनीची कल्पना. आमच्याकडं लोक दहा मिनिटं खेळायचे आणि मिक्सर घेऊन जायचे.

मी देवगाव रंगारीची. इथं मुकुंदवाडीत दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहायचे. गेममधलं मला काही कळत नव्हतं. कंपनीचा माणूस येऊन दोन तास शिकवून गेला, तेवढंच माझं ज्ञान.

दिवाळीच्या आधी दोनपैकी एक रिमोट गेला. तार कुणीतरी स्वच्छ कापली होती, कटरनं कापतात तशी. मॅनेजरनं सगळ्यांना बोलावलं, पण बॅग उघडायला आधी मला सांगितलं, कारण काउंटर माझा. माझ्या बॅगेतून डबा, छत्री, ओढणीची पिन आणि अर्धा खाल्लेला चिक्कीचा पुडा निघाला. सगळं टेबलावर पसरलेलं असताना तो म्हणाला, "मनावर घेऊ नका, हे सगळ्यांसाठीच आहे." बाकी कुणाच्या बॅगेत त्यानं हात घातला नाही, वरवर बघितलं.

त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांचे चेहरे बघायचं सोडलं आणि हात बघायला लागले. कोण खिशात हात घालतंय, कोण वाकतंय, कुणाची पिशवी किती मोठी आहे. आणि अशा बघण्यात सगळ्यात आधी डोळ्यांत भरले ते काका.

ते आधीपासूनच यायचे, मी लक्ष दिलं नव्हतं एवढंच. सोमवार ते शुक्रवार, दुपारी पावणेदोनच्या सुमारास. साठीच्या आसपासचे, खाकी पँट, पांढरा शर्ट, रबरी चपला आणि हातात कापडी पिशवी. फ्रीज-टीव्हीकडं बघायचंच नाही, सरळ माझ्या काउंटरवर. खुर्ची रिकामी नसली तर भिंतीला टेकून थांबायचे. नंबर आला की चपला काढून कडेला ठेवायच्या, पिशवी दोन पायांच्या मध्ये, आणि बसल्यावर स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा. मग गाडी चालू.

गेम शर्यतीचा होता, पण त्यात एक मोकळा रस्ताही होता, नुसतं शहरातून हिंडायचा. काका तोच मागायचे. इतर लोक त्यावर गाडी उधळायचे, फूटपाथवर चढवायचे, हसायचे. काका सिग्नलला थांबायचे. पहिल्यांदा मला म्हणाले होते, "हे लोक उलट्या अंगानं चालवतात, नाय का? आणि हॉर्न कुठंय ह्याला?" मी हॉर्नचं बटण दाखवलं. ते वळणावर न चुकता हॉर्न वाजवायचे.

आमचा गार्ड जुन्या शहरातला, बोलायचा दखनी. तो एक दिवस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, इस चाचा का कुछ तो भी है. रोज आता, कुछ लेता नै. थैली देखे क्या कितनी बडी है?"

मी बघितली होती. मॅनेजरला जाऊन सांगितलं की मला सीसीटीव्हीचं फुटेज बघायचंय. माझी बॅग सगळ्यांसमोर उघडली गेली होती, चोर मीच शोधून देणार असं मी ठरवलं होतं. मॅनेजर म्हणाला, "बघा, पण तुमच्या जेवणाच्या वेळेत."

तीन दिवस मी डबा मांडीवर घेऊन मागच्या खोलीत फुटेज बघितलं. कॅमेरा खुर्चीच्या पाठीमागं, छताला. काकांची पाठ दिसायची आणि त्यांच्यापलीकडं टीव्हीचा पडदा. मी बाकीची माणसं भराभर पुढं पळवायचे आणि काका आले की चित्र साध्या वेगानं लावायचे. त्यांचे हात, त्यांचे पाय, त्यांची पिशवी. एकदा ते पिशवीत वाकले, मी पुढं सरकून बघितलं, तर त्यांनी रुमाल काढून स्टिअरिंग पुसलं.

तिसऱ्या दिवशी गार्ड माझ्यामागं येऊन उभा राहिला. मी संध्याकाळची गर्दी पळवत होते. तो म्हणाला, "रुको मॅडम. पीछे लो."

मागं घेतलं. एक जोडपं. बाई झगझगीत ड्रेसमध्ये, माणूस इस्त्रीच्या शर्टात, हातात आमच्याच दुकानाची नवी कोरी पिशवी. बाई कॅमेऱ्याच्या आड येईल अशी उभी राहिली, माणूस वाकला आणि सरळ झाला तेव्हा तार लोंबकळत होती. काकांना जाऊन तोवर पाच तास झाले होते. हे जोडपं मी त्या आधी दोन वेळा पळवलं होतं. मीच त्यांना हसून "या सर" म्हणाले असणार.

मॅनेजरनं फुटेज वर पाठवलं, नवा रिमोट आला, जाड तारेचा. माझ्या बॅगेबद्दल कुणी काही बोललं नाही.

माझं मन निवायला हवं होतं. पण तीन दिवस काकांची पाठ बघून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. माझे वडील ट्रॅक्टर चालवतात, लहानपणी मी मडगार्डवर बसून त्यांचं चालवणं बघितलेलं. गाडी चालवायची सवय असलेला माणूस कळतो. काकांचे हात तसे होते, पायही तसे. तरी त्यांची गाडी लागायची. दुभाजकाला, खांबाला, कडेला उभ्या केलेल्या गाडीला. आणि लागायची ती कायम डाव्या अंगाला. फुटेजला आवाज नसतो म्हणून की काय, ते जास्तच दिसलं. संथ चाललेली गाडी, समोरचं सगळं सांभाळत चाललेली, आणि डावीकडं मात्र घासत.

ह्यांना डावीकडचं दिसत नाही की काय, असं मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं. आठवड्यापूर्वी मी ह्याच माणसाला चोर ठरवलं होतं. आता पुन्हा त्यांच्यावर दुसराच संशय घ्यायचा, ह्याची मला लाज वाटली. शिवाय दिसत नसलं तरी काय झालं, गेममध्येच तर चालवतात.

म्हणून आठ दिवस मी गप्प राहिले. ह्या आठ दिवसांचं नंतर मला फार वाईट वाटलं.

नवव्या दिवशी दुपारी गर्दी नव्हती. मी त्यांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले. म्हटलं, "काका, आधी गाडीवर होता का?"

"एस.टी.त. एकतीस वर्षं. पैठण, पाचोड, शेवगाव, पुढं पुण्याची रातराणी. एक ठोकर नाय."

"आणि आता?"

"आता काय, घरीच." हे बोलताना त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "दुपारचं घरात करमत नाय म्हणून येतो."

गेमच्या पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटा गोल नकाशा असतो. वळायची जागा जवळ आली की तो लाल होऊन लुकलुकतो. मी म्हटलं, "काका, नकाशा लाल झाला की डावीकडं वळा, नवा रस्ता दाखवते."

"बरं."

नकाशा लाल झाला. लुकलुकला. काका सरळ गेले. पुन्हा लाल झाला, पुन्हा सरळ. मी विचारलं, "लाल झाला होता की."

"कधी? कुठंय नकाशा?"

"खाली, डावीकडं."

त्यांनी गाडी थांबवली, अख्खी मान वळवून कोपऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हां, हाय की." मग पुन्हा समोर बघून गाडी सुरू केली. मी त्यांचा चेहरा बघत होते. नकाशा पुन्हा लुकलुकला आणि त्यांच्या डोळ्यांत काहीसुद्धा हललं नाही.

ते गेल्यावर मला वाटलं, स्टिअरिंगच बिघडलं असेल, डावीकडं ओढत असेल. मी गार्डला बसवलं. त्यानं शहराची पार वाट लावली, पण डावीकडं ठोकलं तेवढंच उजवीकडं ठोकलं, आणि नकाशा लाल झाला की "ये देखो, लाल हुआ" म्हणून ओरडायचा. स्टिअरिंग चांगलं होतं.

मी त्याला माझा संशय सांगितला. तो उठून उभा राहिला. "मॅडम, वो चाचा घर पे नै रैता. वो पीली गाडी लाता. पीछे की गली में लगाता रोज. इस्कूल के बच्चों की."

मला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी काका खुर्चीत बसलेले असताना मी गार्डला काउंटर बघायला सांगून मागच्या गल्लीत गेले. कडुलिंबाखाली पिवळी व्हॅन उभी होती. उजवी बाजू नुकती धुतल्यासारखी. डावीकडं पुढचा कोपरा चेपलेला, दारावर लांब ओरखडा आणि त्यात दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा निळा रंग भरलेला. आत मागच्या सीटवर कुणाचीतरी पाण्याची बाटली विसरलेली होती, झाकणावर गुलाबी ससा असलेली. मी काचेला कपाळ लावून सीट मोजायला लागले आणि मधेच थांबले. गेले आठ-नऊ दिवस मी गप्प बसले होते आणि रोज दोन वेळा ही गाडी भरून गेली होती.

मी परत आले. काका खेळत होते. मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"काका, तुम्ही घरी नसता. तुम्ही पोरांची व्हॅन चालवता."

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. मग माझ्याकडं वळून बघितलं, आणि ती नजर मी आजवर विसरले नाही. राग नव्हता तिच्यात. कॅमेऱ्यापुढं बसून मी तीन दिवस त्यांना ज्या नजरेनं बघितलं होतं, तशीच होती.

"तुला मालकानं ठेवलंय का माझ्यावर?"

"कुठल्या मालकानं?"

"व्हॅनच्या. का शाळेनं? तू रोज बघतीस मला, मला कळत नाय व्हय? मागच्या पंधरवड्यापासून बघतीस."

"मी चोर शोधत होते," मी खरं ते सांगितलं. "मला वाटलं रिमोट तुम्ही नेला. तुम्ही नव्हता नेला. पण तुमची गाडी डावीकडंच लागते, काका. दर वेळी."

"हा गेमच खोटाय. कंपनीची लबाडी असती, माणसानं हरावं म्हणून."

"गार्डला बसवून बघितलं मी."

ते म्हणाले, "परत लाव. तू मोज."

मी खडू घेतला आणि दुकानाच्या किमतीच्या पाटीमागं रेघा मारत गेले. एका बाजूला डावी, एका बाजूला उजवी. दहा मिनिटांत डावीकडं नऊ रेघा झाल्या, उजवीकडं एक, आणि ती एक गर्दीतली, कुणालाही लागली असती अशी. मी पाटी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी बोटानं एकेक रेघ मोजली.

"त्या निळ्या गाडीवाल्यानं मला घासलं असं मी मालकाला सांगितलं," ते हळू आवाजात म्हणाले. "मला खरंच तसंच वाटलं होतं. मग गेटच्या खांबाला लागली. तेव्हा मनात आलं, खांब काय चालून येत नसतो. चष्म्याच्या दुकानात गेलो. सगळी अक्षरं वाचली, शेवटची बारीक ओळसुद्धा. तो म्हणाला, काका, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगलीय. मग मला काय कळंना. कुणाला विचारावं? मालकाला विचारलं तर गाडी जाती. घरी सांगितलं तर रडारड. म्हणून इथं यायचो. इथं धडकलं तर कुणाचं काय जात नाय. वाटायचं, एक दिवस न धडकता पुरा चक्कर मारला की संशय मिटला."

"मारला का एकदा तरी?"

"नाय."

घड्याळात तीन वाजत आले होते. पाचला शाळा सुटायची. मी म्हटलं, "आज पोरं आणायला जाऊ नका."

"आजचा दिवस जातो. उद्या बघू. सावकाश चालवीन."

"इथंही सावकाशच चालवता."

त्यांनी पिशवी उचलली, चपला घातल्या. मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. मला स्वतःची भीती वाटत होती, वडिलांच्या वयाच्या माणसाला मी असं अडवलं होतं. "तुम्ही गेलात तर मी शाळेत फोन करणार," मी म्हटलं. शाळेचं नाव व्हॅनवर वाचलं होतं.

त्यांनी खिशातून फोन काढला, मालकाला लावला आणि सांगितलं की चक्कर आलीय, दुसरा ड्रायव्हर पाठवा, किल्ली दुकानाच्या गार्डकडं ठेवतो. मी सरकून फोनच्या पडद्याकडं बघितलं, खरंच लागलाय का ते. त्यांनी माझं बघणं बघितलं आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून एक माणूस वैतागून म्हणत होता, "बरं, बरं, पाठवतो."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून त्यांना सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात घेऊन गेले. सोबत म्हणून नाही. ते एकटे जातील ह्याची मला खात्री नव्हती. त्यांनाही ते कळत होतं. बाकावर आम्ही मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलो.

त्यांना एका यंत्रापुढं हनुवटी टेकवून बसवलं. समोर बघत राहायचं, बारीक दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दारातून बघत होते. बटणाचा टक टक आवाज यायचा आणि मधेमधे बराच वेळ यायचाच नाही. शेवटी डॉक्टरीण बाईंनी कागद दाखवला. गोल चित्र, आणि त्यातला डावीकडचा खालचा तुकडा पूर्ण काळा.

"डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी बघितलेलं मेंदूत जिथं पोचतं, तिथं काहीतरी झालंय. हा भाग तुम्हाला दिसत नाही, आणि तिथं अंधारही दिसत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. मधे कधी एकदम चक्कर, उलटी, डोकं दुखणं असं झालं होतं का?"

काका आठवत राहिले. मग म्हणाले, "भाद्रपदात. दुपारी व्हॅनमध्येच बसलो होतो. उलटी झाली. पित्त म्हणून सोडून दिलं."

स्कॅन झाला. मेंदूतल्या एका जागेचा रक्तपुरवठा त्या दुपारीच कधीतरी बंद पडला होता. रक्तदाब खूप वाढलेला, त्याचीही त्यांना कल्पना नव्हती. गोळ्या सुरू झाल्या. गेलेला तुकडा परत येईल अशी आशा धरू नका आणि गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरीण बाईंनी दोनदा सांगितलं, एकदा त्यांना आणि एकदा मला. त्या मला त्यांची मुलगी समजल्या होत्या. आम्ही दोघांनीही ते दुरुस्त केलं नाही.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मालकाला मीच सांगीन. तू मधे पडू नको."

"सांगाल ना?"

"सांगीन म्हटलं ना."

तरी माझा विश्वास बसला नाही. त्यानंतर मी तीन दिवस दुकानातून अर्ध्या तासाची सवलत घेऊन पाच वाजता त्या शाळेपाशी गेले. रसाच्या गाड्याआड उभी राहून पिवळ्या व्हॅनचा ड्रायव्हर कोण आहे ते बघायचे. पहिल्या दिवशी एक तरणा माणूस होता. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी मी रसाचा ग्लास हातात घेऊन वळले तर शेजारी काका उभे.

"मी चालवतो का बघायला आलीस."

मी नाही म्हणू शकले नाही. "व्हय."

"मालकाला त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यानं चार शब्द सुनावले, ते ऐकून घेतले. घरी बायको अजून बोलत नाय, लपवलं म्हणून." ते रस्त्यापलीकडच्या व्हॅनकडं बघत राहिले. पोरं दप्तरं फेकून आत चढत होती. "तू तुझं बघ. मी माझं बघायला आलोय."

"तुम्ही काय बघताय?"

"ह्या पोराला. मालकानं कुठून उचलून आणलाय काय माहीत. मोबाईल मांडीवर ठेवून चालवतो असं मला वाटतंय. आज खात्री करणार."

व्हॅन निघाली. काकांनी अख्खी मान वळवून ती चौकापर्यंत नजरेनं पोचवली. मग मला म्हणाले, "मांडीवर नव्हता. डॅशवर होता. तरी सांगतो मालकाला." जाताना त्यांनी माझे आभार मानले नाहीत, माझीही तशी अपेक्षा नव्हती. काउंटरवर ते पुन्हा कधी आले नाहीत. रिकाम्या दुपारी कुणी खुर्चीत बसलं की मी मात्र नकळत डाव्या रेघा मोजायला लागायचे, आणि मोजता मोजता स्वतःवरच चिडायचे.

उन्हाळ्याच्या आधी एकदा आकाशवाणीच्या सिग्नलला माझी रिक्षा थांबली होती आणि शेजारी ती पिवळी व्हॅन येऊन उभी राहिली. चेपलेला कोपरा ठोकून सरळ केला होता. ड्रायव्हर तोच तरणा माणूस. त्याच्या डावीकडच्या सीटवर काका बसले होते, पोरांना चढवायला-उतरवायला ठेवतात तसे, मांडीवर दोन दप्तरं. मान डावीकडं पूर्ण वळवून ते आमच्या रिक्षेचं पुढचं चाक बघत होते आणि ड्रायव्हरला हातानं खुणावत होते, थांब, अजून थांब. ड्रायव्हरला ते आवडत नव्हतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. काकांची नजर माझ्यावरून गेली, क्षणभर थांबली आणि पुन्हा रिक्षेच्या चाकावर आली. सिग्नल सुटला तेव्हा त्यांनी आधी आमच्या रिक्षेला पुढं जाऊ दिलं.